आत्याच्या नावाचा फेरा

मी आज जो काही आहे तो माझ्या आत्यामुळे. हे वाक्य तिच्यासमोर म्हटलं तर ती भाकरी थापता थापता म्हणेल, "लई शाना झाला. हात धू आन् जेवाय बस." म्हणून इथं लिहून ठेवतो.

आमचं गाव खुलताबादच्या पलीकडे, डोंगरात. घरात मेंढरं. लागोपाठ दुष्काळ पडले तेव्हा आई-वडील मेंढरं घेऊन गोदाकाठाकडे निघून गेले, आणि नुकतीच बारावी झालेल्या मला आत्यानं शहरात आपल्या दोन खोल्यांत ठेवून घेतलं. तिचे यजमान, म्हणजे माझे मामा, चितेगावच्या एका कंपनीत होते. वस्ती शहराच्या अगदी कडेला. कालपर्यंत ज्वारीचं रान असलेल्या जागेवर चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले होते आणि नळ अजून पोचायचे होते. टँकर आला की गल्लीत धावपळ व्हायची. मी घागर उचलली की आत्या ती हिसकावून घ्यायची.

"तू वाच. तू पानी भरायला लागला तर मी काय करू, बीएस्सी?"

टँकरच्या तोटीतून गळणारं पाणी रस्त्यावरून ओघळ धरून वाहायचं. बायका ते सहज ओलांडून जायच्या. आत्या मात्र वळसा घालायची. लहानपणी गावच्या महादेवाला फेरा मारताना मी पिंडीच्या पन्हाळीचं पाणी ओलांडायला गेलो, तेव्हा तिनंच सदऱ्याला धरून मला मागं ओढलं होतं. महादेवाचा फेरा पुरा गोल नसतो. पन्हाळीपर्यंत जायचं, तसंच परत फिरायचं, दुसऱ्या अंगानं पुन्हा पन्हाळीपर्यंत जायचं. आत्यानं तो नियम देवळाबाहेरही पाळला. वाहतं पाणी कुठलं का असेना, ती ओलांडत नाही. का, ते मी कधी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

रस्ता सांगायची तिची एक रीत होती. कॉलेजच्या पहिल्या दिवशी तिनं मला सांगितलं, "जेवत्या हाताला लिंब लागंल. लिंबापून दरवाजा दिसतो. दरवाज्यातून निघाला की नाकासमोर जा." मी गेलो तर लिंबच नव्हता. रस्ता रुंद करण्यासाठी तो तोडला होता आणि तिथं मुरमाचे ढीग पडले होते. जुन्या तटाचे दरवाजे मात्र या शहरात जागोजागी. मी चुकीच्या दरवाज्यातून निघालो आणि दुपारपर्यंत भटकत राहिलो. घरी येऊन सांगितलं तर आत्या माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "मंग लिंब गेला कुठं?" जसं काही मीच तो कुठं तरी ठेवून आलो होतो.

पुढं मला शेंद्र्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली. पॅकिंगची मशीन इटलीहून आली होती, तिचं काम शिकायला कंपनीनं मला तिकडं पाठवलं. बोलोन्या नावाचं जुनं शहर. लाल विटांचं, आणि रस्त्यांच्या दोन्ही कडांना मैलोन्‌मैल कमानी. मी तिथं पोचलो आणि आठवड्याभरात आत्याच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन ठरलं. मंगळवारी सकाळी. मला परत जाता येत नव्हतं.

शनिवारी फोन केला. ती म्हणाली, "मामा हायेत, ताई हाय. तू येऊन काय करतो, कापतो का मला?"

 मग तिचा आवाज जरा खाली आला.

"तिथं मोठं देऊळ असंल की न्हाय?"

"चर्च आहे आत्या. देऊळ नाही."

"देव हाय ना आत? मंग एक फेरा मार माझ्या नावानं. निस्तं हात जोडून येऊ नगं."

आयुष्यात तिनं माझ्याकडं पहिल्यांदा काही मागितलं होतं.

रविवारी सुट्टी होती. हॉटेलातल्या मुलीनं मला एक कार्ड दिलं. त्यावरच्या चौकोनी खुणेवर फोन धरला की कानात एक बाई इंग्रजीत बोलायला लागायची आणि गाव दाखवत न्यायची. तुमच्यासोबत कुणी नसतं, नुसता आवाज. मला वाटलं, बरं झालं, गावही बघून होईल आणि त्यात आत्याचा फेराही. त्या बाईचं इंग्रजी गोड होतं, पण माझं इंग्रजी उशिरा शिकलेलं. प्रत्येक वाक्य मनात एकदा फिरवून घ्यावं लागायचं, तोवर ती पुढच्या कोपऱ्यावर गेलेली असायची.

कमानींखालून चर्चपर्यंत सगळं नीट चाललं. दारासमोर बाई म्हणाली, आता आपण या इमारतीभोवती फिरू. मी चपापलो. हिला आत्यानं सांगितलं की काय? मी हात जोडले आणि निघालो. बाई बोलत राहिली. वर बघा, सूर्याचं घड्याळ आहे. मी वर बघितलं. एसीचा डबा होता. पुढं म्हणाली, कोनाड्यात हात तुटलेला संत उभा आहे. तिथं कचऱ्याच्या पेट्या आणि साखळीनं बांधलेल्या सायकली. मला वाटलं, लिंबासारखंच झालं असावं. गाव वाढलं, संत हलवला, आणि बाईला कुणी कळवलं नाही. मी संताला शोधत सायकलींच्या मागंही डोकावलो. एक म्हातारा थांबून माझ्याकडं बघायला लागला, तेव्हा पुढं सरकलो.

चर्चच्या मागं आलो आणि थांबलो. भिंतीत दगडी सिंहाचं तोंड आणि त्यातून पाण्याची जाड धार. खालची कुंडी भरून पाणी वाटेवर आडवं वाहत होतं आणि पलीकडच्या जाळीत उतरत होतं. आसपास कुणी भांडं लावलेलं नाही. मी आधी तोटी शोधली. सिंहाच्या कानामागं हात घालून बघितला, कुंडीखाली वाकून बघितलं.

"क्या ढूँढ रहे हो, भाईसाब?"

छत्र्या आणि गॉगल विकणारा एक माणूस पायरीवर बसला होता. बांगलादेशचा होता, हे त्यानंच नंतर सांगितलं.

"ये नल बंद कां से होता?" मी आमच्या औरंगाबादी हिंदीत विचारलं. "कोई चालू छोडके गया."

"हाँ, छोड़ के तो गया," तो म्हणाला. "दो-तीन सौ साल हो गये होंगे."

तो इतका हसला की त्याच्या छत्र्या घसरल्या. मीही हसलो, पण माझे पाय पाण्याच्या अलीकडंच होते. ओलांडायला एक ढांग पुरे होती.

"जाओ, निकल जाओ. जूता नहीं भीगेगा."

"नई जा सकता. मेरी आत्या, मतलब बुआ, उसके वास्ते चक्कर लगा रहा हूँ. हमारे में पानी लांघते नई."

"बुआ देख रही है क्या?"

"हौ," मी म्हणालो.

त्यानं घसरलेल्या छत्र्या सावरल्या. मग त्यानं माझ्या कानातल्या वायरकडं बोट दाखवलं. "ये कान में वायर वाले लोगों को मैं रोज़ देखता हूँ. सब उधर से आते हैं. आप अकेले हो जो इधर से आये."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाईनं चर्च डाव्या हाताला ठेवायला सांगितलं होतं. मी देऊळ म्हणून निघालो होतो, आणि फेऱ्यात देऊळ कायम जेवत्या, उजव्या हाताला. इंग्रजी समजून घ्यायच्या आधीच पाय वळले होते.

पण आता करायचं काय, ते कळेना. महादेवाचा नियम इथं चालतो का? ही पन्हाळ नव्हे, हे मला दिसत होतं. मी बीएस्सी झालेला माणूस. पाणी ओलांडलं म्हणून झडप बिघडत नाही, हे मला माहीत होतं. तरी पाय उचलेना. ओलांडावं तर आत्याचा नियम मोडतो, न ओलांडावं तर फेरा अर्धा राहतो, आणि अर्धा फेरा घेऊन ती मंगळवारी आत जाणार.

शेवटी आलो तसा परत फिरलो. दारापाशी येऊन बाईला पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि दुसऱ्या बाजूनं निघालो. घड्याळ होतं. हात तुटलेला संत आपल्या कोनाड्यात होता. सगळं जागच्या जागी बघून मला उगाचच भरून आलं. पाण्याच्या पलीकडच्या काठाशी पोचलो. समोरून छत्रीवाल्यानं हात केला. कानात बाई म्हणाली, चला, पुढं चला. मी तिला बंद केलं, हात जोडले आणि मागं वळलो.

फेरा झाला की नाही, हे मला तेव्हा कळलं नाही. खोलीवर जाऊन कागदावर पत्र लिहिलं, कारण फोनवर बोललेलं राहत नाही असं आत्याचं म्हणणं असतं. त्याचा फोटो काढून ताईला, म्हणजे आतेबहिणीला पाठवला आणि वाचून दाखवायला सांगितलं. ते पत्र असं:

"आत्या,

तू सांगितलेल्या फेऱ्याचं लिहितो. देऊळ मोठं आहे, आपल्या दरवाज्यांपेक्षा कितीतरी उंच. मागच्या अंगाला पाणी आडवं होतं, म्हणून तिथून परतलो आणि दुसऱ्या अंगानं पाण्यापर्यंत गेलो. आपण महादेवाला मारतो तसा. पाणी ओलांडलं नाही. इथल्या देवाला असं चालतं का, ते मला माहीत नाही आणि इथं कुणाला विचारावं तेही कळत नाही. एक छत्रीवाला होता, तो नुसता हसला.

पाणी इथं रात्रंदिवस वाहतं. तोटीच नाही. तू असतीस तर आधी घागर लावली असतीस. माझ्याकडं बाटली होती, ती भरून ठेवली आहे.

फेरा चुकला असेल तर मी पुढच्या रविवारी परत जातो, अजून इथंच आहे. पण चुकला की नाही ते तूच सांगायचं. शुद्धीवर आलीस की सांग. मामांनी किंवा ताईनं सांगितलेलं मी धरणार नाही. तुझ्या तोंडून ऐकेपर्यंत मी बाटलीतलं पाणी सांडत नाही."