कुंकवाची खूण

त्या नवरात्रात माझं आणि देवीचं बोलणं बंद होतं. घट बसला होता, रोज माळ चढत होती, आरतीला निरांजन मीच धरत होतो. पण मनातून मी तिच्यावर धुमसत होतो. मी नास्तिक नाही. देवीचा भक्तच आहे, फक्त भांडखोर. आणि त्या वर्षी भांडणाला कारण होती आमची जुनी गाडी.

अंबाजोगाईची मावशी, म्हणजे आईची एकुलती एक धाकटी बहीण, अंथरुणाला खिळली होती. अन्न जवळजवळ सुटलं होतं. फोनवर तिचं एकच पालुपद, "ताई, दसऱ्याला ये. दिवाळीचं मला सांगू नको." आई माझ्याकडे थेरगावला असते. तिच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून पाय दुमडून तिला बसवत नाही. वडिलांनी घेतलेल्या आमच्या जुन्या गाडीची पुढची सीट उंच आहे आणि पार मागे रेलते, त्यामुळे लांबचा प्रवास ती त्याच एका गाडीत करू शकते. आईने ठरवून टाकलं होतं, दसऱ्याला घट उठला की निघायचं. मी हो म्हणालो. हो म्हणायला माझं काय जात होतं?

भोसरीत दत्ताभाऊंचं गॅरेज आहे. निघण्याआधी एकदा दाखवून घ्यावी म्हणून सातव्या माळेला गाडी त्यांच्याकडे नेली. त्यांनी इंजिनाच्या बाजूचं झाकण काढलं आणि कपाळाला हात लावला. "टायमिंग बेल्ट बगा सायेब. चिरा पडल्यात. ह्यो पट्टा वरच्या आन खालच्या चाकाचा मेळ राखतो. वाटंत तुटला, तर वरचं व्हॉल्व्ह आन खालचं पिस्टन एकमेकावर आपटत्यात. मंग इंजिन गेलंच म्हनून समजा." पट्टा बदलल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हे त्यांनी तिथेच सांगून टाकलं.

मग सुरू झाला पट्ट्याचा शोध. आठव्या माळेला जो आला तो दिसायला हुबेहूब तसाच होता. दत्ताभाऊंनी जुना पट्टा उतरवून दोन्ही शेजारी धरले, तर नव्याचे दाते कमी भरले. आमच्या गाडीच्या नावावर दोन वेगवेगळी इंजिनं निघाली होती म्हणे, आणि पट्टा दुसऱ्याच इंजिनाचा आला होता. मी दुकानदाराला फोनवर बोलू नये ते बोललो. इकडे मावशीकडचा फोन रोज सकाळी येत होता आणि आई रोज एकच विचारत होती, "झाली का रे गाडी?" भाड्याची गाडी करावी, तर ओळखीचे दोन्ही गाडीवाले तुळजापूरला गेलेले. शिवाय दुसऱ्या गाडीत आईला सात तास बसवायचं म्हणजे तिच्या खुब्याला ताणच. त्या दिवशी घटापुढे बसून मी देवीला म्हणालो, तुला एवढी एक गोष्ट जमत नाही?

योग्य पट्टा मिळाला तो खंडेनवमीला, सकाळी अकराला. मी चाकणच्या कंपनीत तपासणी विभागात आहे. तिथली पूजा आटोपून, पट्टा घेऊन धावतपळत भोसरीला पोचलो, तर गॅरेजमध्ये सतरंजीवर सगळे पाने, पक्कड, हातोडे धुऊन पुसून ओळीने मांडलेले. त्यावर हळदकुंकू, झेंडूची फुलं, समोर नारळ. दत्ताभाऊ अंघोळ करून, टोपी घालून बसलेले. मी पट्टा पुढे केला. ते हात जोडून म्हणाले, "आज न्हाई सायेब. आज हत्याराला हात लावायचा नस्तो." माझं डोकंच फिरलं. पट्टा आहे, पाना आहे, माणूस आहे, गाडी पोट उघडून उभी आहे, आणि काम होणार नाही! मी बरंच बोललो. ते नुसते हसत राहिले. खरं सांगायचं तर मला बोलायला तोंड नव्हतं. त्याच सकाळी मी मापं घ्यायच्या माझ्या व्हर्नियरला हळदकुंकू वाहिलं होतं आणि शेजारच्या टेबलावरच्याने तो उचलला, तर त्याच्यावर खेकसलो होतो, "ठेव खाली राव, आज खंडेनवमी आहे." दुसऱ्याच्या पान्यापुढे मात्र मला लगेच सुधारणा सुचत होत्या.

दत्ताभाऊंच्या आई हळदकुंकवाचं ताट घेऊन गॅरेजभर फिरत होत्या. गाडीपाशी येऊन त्यांनी ताट माझ्यापुढे धरलं. "गाडी तुमची हाय, तुमीच लावा." मी बोट कुंकवात बुडवलं आणि रागारागाने इंजिनाच्या उघड्या पडलेल्या वरच्या चाकावर टेकवलं. मनात म्हणालो, घे तुझं कुंकू, झालं समाधान? इतक्या वाईट मनाने मी आयुष्यात कधी पूजा केली नव्हती.

दसऱ्याला सकाळी घट उठवला. मी तडक भोसरीला गेलो. दत्ताभाऊंनी खास माझ्यासाठी सणाच्या दिवशी गॅरेज उघडलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. पट्टा काढला की वरचं चाक आपोआप थोडं फिरतं. म्हणून त्यांनी आधीच त्याच्या दात्यावर लाल नेलपॉलिशची खूण करून ठेवली होती. इंजिनावर तशीच खाच असते. खूण आणि खाच समोरासमोर आणायची, नवा पट्टा चढवायचा, ताण द्यायचा. सगळं झालं. दत्ताभाऊ म्हणाले, "बसा, मारा सेल्फ." मी बसलो, किल्ली लावली. घरी आई पिशवी भरून दाराशी बसली होती.

तेवढ्यात गाडीपुढे एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, हातात आपट्याची डहाळी. "सोनं घ्या," म्हणाले. सोनं वाटायचं ते संध्याकाळी, सीमोल्लंघनानंतर. हे सकाळी साडेदहालाच! मी म्हणालो, "काका, नंतर." ते ढिम्म हलले नाहीत. शेजारच्या गाळ्यात त्यांचा जुना सोबती असे, त्याला सोनं द्यायला आले होते. गाळा बंद दिसला, संध्याकाळी लेकीकडे जायचं होतं, म्हणून जो भेटेल त्याला देऊन जावं असा त्यांचा विचार. आता सोनं काही बसल्या जागेवरून घेता येत नाही. दात-ओठ खात मी किल्ली काढली, खाली उतरलो, पान घेतलं, वाकलो. "सोन्यासारखे राहा," असं म्हणून त्यांनी इंजिनात डोकावलं.

"टायमिंग केलं का? हातानं दोन फेऱ्या फिरवून बघितलं?"

दत्ताभाऊंना ते लागलं. "काका, मी काय आज करतोय का हे काम? सायबांना घाई हाय, त्यांना जाऊ द्या."

"मी आयुष्यभर इंजिनं जोडली भाऊ. देवाला प्रदक्षिणा घालतोच ना? मग ह्याला दोन घाला, आणि जाऊ द्या."

त्यांच्या केसांकडे बघून असेल किंवा सणाचा दिवस म्हणून असेल, दत्ताभाऊंनी कुरकुरत खालच्या पुलीला पाना लावला आणि हळूहळू फिरवायला घेतला. एक फेरीही पुरी झाली नाही. आत काहीतरी टक्क करून अडलं. पाना पुढे जाईना. दत्ताभाऊंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी बॅटरी लावली आणि वरच्या चाकावर उजेड धरला. चाकावर लाल खुणा दोन होत्या, तीन दात्यांच्या अंतरावर. त्यांनी एकीवर बोट घासलं, काही झालं नाही. दुसरीवर घासलं, तर बोट लाल झालं. ज्या खुणेवर पट्टा बसवला होता ती हीच.

"हे तर कुंकू हाय!"

रात्रभरात तेल पिऊन ते तिथे घट्ट बसलं होतं. मीच माझं बोट पुढे केलं. मी सेल्फ मारला असता, तर इंजिन गेलं असतं आणि आईचं मावशीकडे जाणं तिथेच संपलं असतं. मी किल्ली दत्ताभाऊंच्या हातात ठेवली. काका मात्र खो खो हसले. "देवीला दिलं ते पोचलं म्हणायचं," एवढं बोलून ते चहा प्यायला बसले. पुन्हा पट्टा उतरला, खरी खूण जुळली, दोन प्रदक्षिणा न अडखळता झाल्या. गाडी सुरू झाली त्या गडबडीत काका शेअर रिक्षात बसून निघूनही गेले. त्यांचं नाव विचारायचं राहिलं, याची रुखरुख मला अजून आहे.

अंबाजोगाईला पोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. मावशी अगदी एवढीशी झाली होती. आई तिच्या उशाशी बसली. "उशीर केलास ताई," मावशी म्हणाली. आई म्हणाली, "हा देवीशी भांडत बसला होता." म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं! दोघी हसल्या, मग रडल्या. आईने घटापुढच्या कुंकवाची पुडी काढली. पण तिचे हात फार कापतात. तिने पुडी माझ्याकडे दिली. "तू लाव. सावकाश. नीट मधोमध."

तेच बोट. मी ते कुंकवात बुडवलं आणि मावशीच्या कपाळावर टेकवलं. माझे डोळे भरून आले होते, पण खूण नीट मधोमध बसली. मावशीने डोळे मिटून घेतले. कोजागिरीच्या आत ती गेली.

बायको म्हणते, घोळही देवीनेच घातला आणि सोडवलाही तिनेच. मला तसं म्हणवत नाही. कुंकू माझ्या बोटाने लागलं होतं, हे मला पक्कं माहीत आहे. मी ज्या दिवसाला अडथळा म्हणत होतो आणि ज्या माणसाला बाजूला हो म्हणत होतो, त्यांच्याच मधून वाट निघाली, एवढंच सांगू शकतो. भांडण अजून होतं आमचं. पण आता देवीला बोल लावण्याआधी मी माझं बोट एकदा बघून घेतो, आणि कुणी सोनं घेऊन आलं तर गाडीतून उतरतो.