मराठीत सांगितलेलं काम

“बूथ तू साफ कर. तुमच्यात असतंच ते. जमेल तुला.”

सर हे मराठीत म्हणाले. हसत म्हणाले. आजूबाजूला रंगाच्या लाइनवरची माणसं उभी होती, बिहारची, यूपीची, हरियाणाची. त्यांना वाटलं असेल, साहेब आपल्या गावाकडचं काहीतरी बोलतायत. मला एकटीला कळलं. मला एकटीलाच कळावं म्हणूनच तर मराठी.

मी केमिस्ट. एम.एस्सी. दिल्लीजवळच्या एका रंगकामाच्या कंपनीत, लॅबमध्ये नोकरीला. आणि पोटात तिसरा महिना. कंपनीत कुणाला सांगितलं नव्हतं. नवरा आणि आई, दोघांनाच माहीत.

बूथ म्हणजे पत्र्याची खोली. तिथे लोखंडावर रंगाची पावडर फवारतात. पावडर विजेच्या जोरावर लोखंडाला चिकटते, मग भट्टीत वितळून रंग होते. आमच्या जुन्या पावडरीत रेझिन, म्हणजे रंगाला धरून ठेवणारी राळ, घट्ट व्हायला टीजीआयसी नावाचा पदार्थ घातलेला असायचा. तिच्या खोक्यावर एक चित्र असतं. माणसाच्या छातीत तडा गेलाय असं. खाली बारीक इंग्रजीत लिहिलेलं, की याने जनुकांना इजा होऊ शकते. म्हणजे आपल्याला, आणि आपल्या पोटच्यालाही. लाइनवर ते कुणी वाचत नाही. मी वाचलं होतं. वाचता येतं ना मला. तेच तर भोवलं.

नवीन रेझिन आलं होतं. त्याला टीजीआयसी लागत नाही. भट्टीही कमी तापवावी लागते, गॅस वाचतो. परदेशी गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी ट्रायल बघायला येणार होतं. त्यांच्या देशात जुनी पावडर आता कुणी हुंगतसुद्धा नाही. म्हणून आमचा बूथ कोपऱ्याकोपऱ्यातून स्वच्छ हवा. जुन्या पावडरीचा कण जरी नव्यात मिसळला तरी रंगावर पुळ्या येतात. बूथ साफ करणारी ठेकेदाराची माणसं छठपूजेसाठी गावी गेलेली. आणि मास्क? मास्क होते ना! नवेकोरे, सीलबंद. सरांच्या केबिनमध्ये. उद्या पाहुण्यांसमोर फोडायचे म्हणून ठेवलेले.

हे सर पुण्याहून आलेले. नव्या रेझिनसाठीच त्यांना आणलं होतं. ते आले तेव्हा मला कोण आनंद झाला होता! दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी वाढले. घराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. कामाच्या जागी कुणी “काय गं, जेवलीस का?” विचारेल असं स्वप्नातही नव्हतं. सरांनी विचारलं. मी डबा पुढे केला. आईच्या हातची शेंगदाण्याची चटणी. सरांनी दोनदा घेतली. “वा! बऱ्याच दिवसांनी!” म्हणाले. मग सहज विचारल्यासारखं, “गणपती दीड दिवसाचा की पाच?”

मी म्हटलं, “आमच्याकडे गणपती बसत नाही, सर.”

झालं. त्यांचा हात डब्यापाशी थांबला. अच्छा, अच्छा, म्हणाले. उरलेली चपाती तशीच टाकून हात धुवायला गेले. दुसऱ्या दिवसापासून ते दुसऱ्या टेबलावर. चार दिवसांत लॅबमधले बाकीचेही तिकडे. माझ्या समोरची खुर्ची रिकामी ती रिकामीच.

बाबांनी लहानपणीच बजावलं होतं. बाबा केंद्र सरकारच्या मंत्रालयात कारकून होते. ते म्हणायचे, “दिल्लीत एक बरं आहे पोरी. इथे आपलं आडनाव कुणाला कळत नाही. नुसतं नाव सांगायचं. आडनाव विचारलं तर म्हणायचं, महाराष्ट्र से हैं.” मी तेच करत आले. शाळेत, कॉलेजात, कंपनीच्या बिल्ल्यावर. मला हरियाणवी माणसाची भीती कधी वाटली नाही. भीती वाटायची ती मराठी बोलणाऱ्याची. आणि बाई गं, मीच आपण होऊन त्याच्यापुढे डबा उघडला!

तर त्या दिवशी मी बूथच्या दाराशी उभी. आत करड्या पावडरीचा थर. हवेचा पाइप मारला की ती उडते, नाकातोंडात, कपड्यांच्या आत, केसांच्या मुळाशी. मला फक्त पोट झाकावंसं वाटत होतं. झाकलं असतं तर कळलं असतं. कळलं असतं तर नोकरी गेली. कंपनीत एका गरोदर बाईचं असंच झालं होतं, “घर पे आराम करो” म्हणाले आणि परत बोलावलंच नाही. मी नाही म्हटलं तरी नोकरी जाणार. आत गेले तर बाळ.

बिरजूभैया आमचा फवारणीवाला. वयाने बाबांएवढा. त्याने माझ्याकडे पाहिलं, काय समजला कोण जाणे. गळ्यातला गमछा काढून नाकाला गुंडाळला.

“मैडम, आप रहने दीजिए. मैं कर देता हूँ.”

आणि पाइप उचलून आत शिरायला निघाला. सर घड्याळ बघत होते. त्यांना काय, हा गेला काय अन् ती गेली काय, पत्रा चकचकीत झाल्याशी मतलब.

इतका वेळ मी स्वतःसाठी घाबरत होते. त्या गमछ्याकडे पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. चिंधी, यार! छातीत तडा पाडणाऱ्या त्या पावडरीपुढे एक चिंधी! भिंतीवर लाल बटण असतं, अपघात झाला तर दाबायचं. मी दाबलं. हवा बंद. लाइन बंद. वर टांगलेले पत्रे हलायचे थांबले. एवढी शांतता त्या शेडमध्ये मी कधी ऐकली नव्हती.

“काय केलंस?” सर ओरडले.

मी हिंदीत बोलले.

“सर ने अभी मराठी में जो कहा, वो मैं सबको बता देती हूँ. सर कह रहे हैं, ये बूथ मैं साफ करूँ, क्योंकि मेरी जात का यही काम है.”

कुणीतरी खोकलं. सरांचा चेहरा उतरला.

“अगं, गंमत केली मी. उगाच काय तमाशा...”

“हिंदी में बोलिए, सर.”

मग मीच सगळं सांगितलं. माझ्या पोटात बाळ आहे. खोक्यावरचं चित्र कशाचं आहे. मास्क कुठे ठेवलेत आणि कुणासाठी. मास्क निघेपर्यंत आत कुणी जाणार नाही, मीही नाही, बिरजूभैयाही नाही.

टाळ्या वगैरे काही वाजल्या नाहीत. दोघेचौघे माना खाली घालून जमिनीकडे बघत राहिले. एक जण हसलासुद्धा. बिरजूभैयाने मात्र पाइप खाली ठेवला आणि तो दारातच बसला. सरांनी मला घरी जायला सांगितलं. “उद्या येऊ नकोस. कळवू.”

थेट आईबाबांकडे आले. आईने पाणी दिलं. सगळं ऐकून बाबा रडवेले झाले. म्हणाले, “जात सांगायची काय गरज होती तुला?” मला त्यांचा राग आला आणि त्यांची दयाही आली. जन्मभर जीव मुठीत धरून जगले, तीच मूठ मला दिली.

सकाळी मी कंपनीत गेले. भीती होती, अजून आहे. खोटं कशाला बोलू, बसमध्ये दोनदा उलटी आली, ती बाळामुळे की भीतीने ते मलाही ठाऊक नाही. गेटवरच्या गार्डला वरून हुकूम होता. त्याने नकारार्थी मान हलवली. मग सवयीने विचारलं, “नाम?”

मी पूर्ण नाव सांगितलं. आडनावासकट. त्याला काहीच कळलं नाही. कळायला नकोच होतं. माझं मला ऐकायचं होतं.

सरांची गाडी आली. काच वर होती. आत पाहुणे होते. मी गेटच्या बाजूला उभी राहिले, सगळ्यांना दिसेन अशी. मास्क निघेपर्यंत मी रोज इथेच उभी राहणार आहे. पोट वाढेल. वाढू दे. आता ते झाकणार नाही.