उरलंसुरलं

कौशल्या दिवसभरात काय खाते, हे भातकुलीच्या त्या घरात सत्तावीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. विचारलं ते अकोल्याच्या दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ रागिणी मॅडमनी, आणि कौशल्यानं अगदी खरं उत्तर दिलं.

"सकाळी चहासंगं एक पोळी. रातच्याले अर्धी भाकर. कधी तेही नाई."

काटा मात्र एकशे अठरा किलो सांगत होता. लठ्ठ माणूस खाण्याबद्दल खोटंच बोलतो, असं जगानं ठरवून टाकलेलं आहे. मॅडम भल्या होत्या, त्या हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं तसं लिहून घेतलं आणि पुढचं समजावलं. ऑपरेशन दुर्बिणीतून होईल, पोटाची पिशवी लहान करतील. पण त्याआधी दोन आठवडे फक्त पातळ घ्यायचं. दुधात कालवलेली प्रोटीनची पावडर, ताक, वरणाचं गाळलेलं पाणी. यकृतावर चरबी साचली आहे, ती उतरली नाही तर डॉक्टर हात लावणार नाहीत.

कौशल्यानं मान डोलावली. तिला हे ऑपरेशन हवं होतं, अगदी जिवापासून हवं होतं. साखर होती, गुडघे गेले होते, पण खरी भीती झोपेची होती. झोपेत तिचा श्वास अडकायचा आणि नवरा, भगवंतराव, घाबरून तिला गदागदा हलवायचे. घरची झेंडूची आणि वांग्याची शेती. एके काळी कौशल्या बायकांच्या पुढं जाऊन फुलं तोडायची. आता ती धुऱ्यावर, शेताच्या बांधाशी, पालथ्या क्रेटवर बसून दुसऱ्यांनी तोडलेली फुलं निवडायची. या दिवाळीला आपण सऱ्यांमधून चालायचं, एवढंच तिनं मनाशी धरलं होतं. मागणं काही फार मोठं नव्हतं.

आठवडाभर तिनं पातळावर काढला. तोंड वाकडं न करता ती पावडर प्यायली. आणि आठवड्यानं काट्यावर चढली, तर काटा जेमतेम हलला होता.

"असंच राहिलं तर तारीख रद्द करावी लागेल," डॉक्टर म्हणाले. "भूल देताना जिवाशी खेळ होतो, ताई."

परतीच्या एसटीत मूर्तिजापूर येईपर्यंत ती रडत होती. शेजारी तिची लेक वर्षाली होती. ती अकोल्यातच बँकेत नोकरीला. आईसाठी रजा काढून घरी निघाली होती.

"मी चोरून नाई खाल्लं वं. तुही आन."

वर्षालीनं आईचा हात धरला, पण विश्वास ठेवला नाही. पोटच्या पोरीनंही ठेवला नाही, हे कौशल्याला कळलं, आणि ते काट्यापेक्षा जास्त लागलं.

त्या संध्याकाळी जेवणं आटोपली. भगवंतराव बाहेर बाजेवर जाऊन बसले, सासू माणिकबाई सुपारी कातरत होत्या. वर्षाली पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली आणि दारातच थबकली. कौशल्या ओट्याशी उभी होती. तिच्या उजव्या हातात सराटा, म्हणजे उलथणं, होतं. भाताच्या गंजाला, त्या पातेल्याला, तळाशी लागलेली खरवड तो हात खरडत होता आणि तिचा दुसरा हात ती तोंडात टाकत होता. मग कढईतलं वांग्याचं तेल. मग भगवंतरावांच्या ताटातली भाकरीची कोर. ती रोज उरायची. मग वाटीतलं वरण. सगळं उभ्या उभ्या, एका लयीत, आणि नजर खिडकीबाहेर.

"आई, काय खाऊन राहिली तू?"

कौशल्या दचकली. तिनं हातातल्या गंजाकडं पाहिलं, मग लेकीकडं. "खाऊन कुठं राहिली? भांडं पुसून राहिली."

आणि ती खोटं बोलत नव्हती. तिच्या हिशेबी जेवण म्हणजे ताट वाढून घेतलेलं. घासायच्या आधी भांडं पुसणं हे काम होतं, जसं केर काढणं. मडकं धुतलं म्हणून कुणी पाणी प्यायलं असं म्हणत नाही! सकाळचं पोह्यांचं पातेलं, दुपारची पिठल्याची कढई, पाहुण्यांच्या ताटांत राहिलेलं गोडधोड, शिळी भाकर, फाटलेलं दूध. या घरातलं काही वाया गेलं नव्हतं आणि ते सगळं तिच्या अंगावर चढलं होतं.

गंज हातातच राहिला. "म्हंजे मीच माही तारीख घालवून राहिली होती," ती म्हणाली आणि खाली बसायला गेली. गुडघ्यांनी बसू दिलं नाही, म्हणून ओट्याला टेकून उभी राहिली.

माणिकबाई कधी दारात आल्या होत्या, कुणाला कळलं नाही. बाई काटक, जिभेनं तिखट. आता सुनेला दोन शब्द ऐकवणार, असं वर्षालीला वाटलं. पण त्या म्हातारीनं सुनेच्या हातून गंज घेतला आणि नळाखाली धरला. खरवड पाण्यात फुगून वर आली.

"आत्याबाई, अन्न हाय ते," कौशल्या घाबरून म्हणाली. तिला नवी नवरी असताना हे याच बाईनं शिकवलं होतं.

"मालूम हाय मले. तू यायच्या आधी मीच पुसत होती हे गंज. तवा गाय होती, उरलंसुरलं तिच्यापुढं जाये. मंग गाय विकली, तू आली, अन् मी सुटली." त्यांनी नळ बंद केला. "तुले नाई म्हनाचं होतं का, हे मी इचारलंच नाई. काहून इचारीन? माहं सुटलं होतं ना."

दुसऱ्या दिवसापासून, काही उरूच नये म्हणून, पीठ माणिकबाईंनी मोजायला घेतलं. जेवणं झाली की सासू आधी सगळ्या भांड्यांत पाणी ओतायची, मगच सुनेला आत येऊ द्यायची. भगवंतरावांनी भाकरीची कोर ठेवली, तर आईनं ते ताट परत त्यांच्यासमोर सरकवलं. "संपव. इथं आता कोनी पुसनारं नाई."

आठवड्यानं काटा डॉक्टरांना हवा तसा उतरला. तारीख पक्की झाली. रागिणी मॅडमनी एक लहानशी वाटी आणि चहाचा चमचा तिच्या हातात दिला. "ऑपरेशननंतर जन्मभर असंच. बसून, चमच्या चमच्यानं, सावकाश. दवाखान्यात यायच्या आधी घरी सवय करा."

पातळ पचवणं सोपं होतं, हे अवघड निघालं. निघायच्या आदल्या संध्याकाळी वर्षालीनं आईसाठी खुर्ची मांडली आणि बाकीचे तिच्यासमोर जमिनीवर ताटं घेऊन बसले. कौशल्या लाजली. नवऱ्यासमोर, सासूसमोर आपण आधी घास घ्यायचा? कुणीच सुरुवात करेना. सगळे तिचीच वाट बघत होते.

शेवटी तिनं चमचा वाटीत बुडवला आणि वरणाचं पाणी तोंडाशी नेलं. भगवंतराव टक लावून बघत राहिले.

"अवं," ते हळूच म्हणाले, "तू डावरी हायेस?"

कौशल्यानं हाताकडं पाहिलं. चमचा डाव्या हातात होता. लहानपणी आईनं मारून मारून तिला उजव्या हाताची सवय लावली होती. पण ओट्याशी उजव्या हातात सराटा असायचा, खायला डावाच उरायचा आणि बघायला कुणी नसायचं.

"पयल्यापासून," ती म्हणाली.

सत्तावीस वर्षं या बाईच्या हातचं भगवंतराव जेवले होते, आणि तिला जेवताना त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं होतं. कौशल्या ओशाळली, चमचा घाईनं उजव्या हातात घेऊ लागली.

"राहू दे," माणिकबाई म्हणाल्या. "डाव्यानं खा, उजव्यानं खा. पन बसून खा, पोरी."