आईच्या चेहऱ्यावरची पिवळी चिठ्ठी

टोकियोत, निशी-कसाईतल्या आमच्या हौशी कॉयरमध्ये मी एकटीच भारतीय. नवरा दिवसभर ऑफिसात, मुलगी मराठीत विचारलं तरी जपानीत उत्तर देणार. आठवड्यातून एकदा कुणीतरी मला उभं करून तोंड उघडायला सांगतं, एवढंच खूप होतं. या वर्षी आम्ही रेक्विएम बसवत होतो. मृतांना विश्रांती मिळावी म्हणून गायचं, एकोणिसाव्या शतकातलं, मोठ्या ऑर्केस्ट्रासह. भाषा लॅटिन. बाकीच्या बायकांनी ओळींवर जपानी अक्षरांत उच्चार लिहून घेतले, मी देवनागरीत. अर्थाच्या नावाने सगळ्यांचाच आनंद होता.

कॉयरची एक रीत होती. आपलं जे माणूस गेलं असेल त्याचा फोटो काळ्या फोल्डरच्या आत लावायचा आणि त्याच्यासाठी गायचं. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा एकट्याचा धड फोटोच नाही. आईबरोबरचा होता, तो कोन्बिनीतल्या, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातल्या, मशीनवर छापून आणला. माझ्या शेजारी सत्तरीच्या एक बाई उभ्या राहायच्या. त्यांनी फोटो पाहून हळूच विचारलं, “आईसुद्धा?”

“नाही, नाही. आई पुण्यात आहे, ठणठणीत.”

त्यांनी पर्समधून एक पिवळी चिकटचिठ्ठी काढली आणि आईच्या चेहऱ्यावर अलगद लावली. जिवंत माणूस मेलेल्यांत कशाला, म्हणून.

फोनवर सांगितलं तेव्हा आई हसली. “बाबांची मजा आहे. माझ्या वेळीही हेच गा गं. पण सुरात गा, परवा ऐकवलंस तसं नको.”

कार्यक्रम रविवारी होता. आई बुधवारी पहाटे गेली. भाऊ म्हणाला, “उन्हाळा आहे, थांबता येणार नाही. तू आता तेराव्यालाच ये.” पुढचं सगळं मी मोबाइलवर पाहिलं. त्यात बराच वेळ कुणाचातरी कोपरच दिसत होता. सासूबाईंनी पुण्याहून समजूत घातली, “लग्न झालेल्या लेकीला तीनच दिवस सुतक असतं. रविवारी तू मोकळी. जा गायला, मन रमेल.” त्यांचं काही चुकत नव्हतं. तरी फोन भिंतीवर आपटावासा वाटला. जिने जन्म दिला तिच्यातून मी शनिवारपर्यंत मोकळी!

कॉयरमध्ये मी कुणाला बोलले नाही. बोलले असते तर त्या बाईंनी माझ्यापुढे वाकून ती चिठ्ठी काढली असती, आणि ते मला बघवलं नसतं. कागद होता तोवर, निदान त्या हॉलमध्ये तरी, आई पुण्यात ठणठणीत होती.

मी गायले. एकही सूर इकडचा तिकडे झाला नाही. डोळेसुद्धा कोरडे. शेवटचा स्वर विरल्यावर कंडक्टरचा हात वरच राहिला. तो खाली येईपर्यंत टाळी वाजवायची नसते. त्या शांततेत सगळ्यांनी आपापल्या फोल्डरमध्ये पाहिलं. मीही पाहिलं. बाबा होते, आणि शेजारी पिवळा चौकोन. मग हात खाली आला.

कपडे बदलताना त्या बाई म्हणाल्या, “आज फार छान लागला आवाज. आईंना रेकॉर्डिंग नक्की पाठवा.”

“हो,” मी म्हणाले.

घरी जाताना तोझाई लाइनच्या मेट्रोत बसायला जागा मिळाली. मांडीवर फोल्डर उघडून चिठ्ठी काढली. लगेच निघाली, मागे डागसुद्धा राहिला नाही. आई आपली हसत होती. तिने माझ्याकडे एकच मागितलं होतं. ते मी सुरात गायले, साऱ्या हॉलमधल्या मेलेल्यांसाठी गायले, फक्त तिच्या तोंडावर कागद ठेवून.