वजा अठरातली डबी

"डबी दोन दिवस होती कुठं?" लॅबच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी फोनवर विचारलं. मी नाशिकच्या एका खासगी हॉस्पिटलात रुग्ण-मदत कक्ष सांभाळते. मला माहीत नव्हतं. मी पेशंटच्या नवऱ्याला गाठलं.

भाऊसाहेब पिंपळगावला कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला. बायको संगीता, वय चौतीस. शनिवारी तिच्या मेंदूतली गाठ काढली. तपासायचा तुकडा आमच्याकडे डबीत घालून सरळ नातेवाइकाच्या हातात देतात: जा, लॅबला पोचवा. शनिवारी डबी हातात पडेपर्यंत लॅब मिटलेली, रविवारी बंद.

"मंग मटारच्या फ्रीझरात ठिवली, ताई. वजा अठरा. बाहेर माल टिकत नाय."

"कुणी सांगितलं ठेवायला?"

"कुनीच काय सांगितलं नाय."

डबीत फॉर्मालिन असतं, टिकवायला तेवढं पुरतं. गोठवलं की बर्फाचे कण पेशी फाडतात.

ब्रेन ट्यूमर हा काही एकच आजार नाही. गाठ कुठल्या पेशीतून उगवली त्यावर तिचं नाव ठरतं. मेंदूच्या आवरणातून आली तर मेनिंजिओमा, बहुतेकदा साधी. चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींतून आली तर ग्लायोमा. मग ग्रेड, एक ते चार. जितकी वर तितकी गाठ आक्रमक. हल्ली जनुकंही बघतात.

संगीताचा ग्लायोमा होता. गाठ पूर्ण निघाली होती. ग्रेड दोन आली तर डॉक्टर नुसती नजर ठेवणार होते, तीन आली तर रेडिएशन. जनुकांवरून प्रकार कळला. ग्रेड मात्र पेशी बघून ठरते, आणि पेशींची जाळी झाली होती. रिपोर्ट आला: "किमान दोन". म्हणजे तीनही असू शकते.

मी हॉस्पिटलच्या सुपरिंटेंडेंटकडे गेले.

"नातेवाइकांनी जरा डोकं वापरायला नको?" ते म्हणाले.

"वापरलं ना, सर. कोल्ड स्टोरेजचं वापरलं. तुमची लेखी सूचना कुठाय?"

"आजवर कुणी मागितली नाही."

डॉक्टरांनी धोका घेतला नाही. सहा आठवडे रेडिएशन. केस गेले, दिवसभर झोप. शेवटच्या दिवशी संगीतानं विचारलं, "ताई, हे लागतच व्हतं का?"

मी खरं ते सांगितलं: आता ते कुणालाच सांगता येणार नाही.

तिनं स्कार्फ घट्ट केला. "ह्यान्ला नका सांगू," म्हणाली.

डबीवर आता 'गोठवू नये' असं छापून येतं. डबी अजून नातेवाइकाच्याच हातात देतात. हॉस्पिटलात शिपाई आहेत, गाडी आहे. काम हॉस्पिटलचं आहे.