श्रावणातला सॉसेजचा वास

तुम्ही तिकडे जर्मनीत सॉसेज खाता, म्हणून हे सांगते. सातपूरच्या कारखान्यात आलेल्या जर्मन इंजिनिअरकडून शिकलेला एक माणूस आमच्या सोसायटीबाहेर गाडीवर चिकन सॉसेज पावात घालून विकायचा. श्रावणभर मात्र तो फक्त साबुदाणावडे तळायचा.

ऐन श्रावणात सोसायटीचे सेक्रेटरी गाडी हटवण्याच्या अर्जावर सही मागायला आले.

"काकू, मांसाचा वास सहन होत नाही."

"कुठलं मांस? सोमवारी त्याचेच वडे उपासाला नेलेत ना तुम्ही?"

"सगळ्यांनी सह्या केल्यात."

मी केली नाही. तरीही गाडी उठवलीच.

गणपती उठल्यावर हेच गृहस्थ जिन्यात हळूच विचारतात, "काकू, तो सॉसेजवाला हल्ली कुठे उभा राहतो हो?"

ठाऊक असूनही मी सांगितलं नाही.