पाचव्या दगडावरची रेघ

१० जून. पावसाआधी बुवापाड्यातल्या घराच्या पत्र्यांना तांबडा रंग मारायला घेतला होता. निम्मे पत्रे झाले आणि निरोप आला, रस्त्याची देखरेख करणारे मैलकुली तात्या गेले. ब्रश रॉकेलमध्ये बुडवला, हात पुसले आणि मी निघाले.

तात्या बोलताना माणसाकडे बघत नसत, पाण्याकडे बघत. बदलापूरच्या पुढे बारवीच्या रस्त्यावरचा जुना दगडी पूल बांधकाम खात्याने त्यांच्या हवाली केलेला. पलीकडच्या दवाखान्यात मी नर्स. "कसे आहात?" विचारलं की नदीकडे बघून म्हणत, "अजून तळाला हाय."

दर जूनमध्ये शिडी लावून ते खांबाच्या वरून पाचव्या दगडावर तांबडी रेघ ओढत. पाणी रेघेला लागलं की पूल बंद. दोन पिंपं, मधे दोर, पुढे तात्या. एकदा मी खूप भांडले, "अहो, बाळंतीण खोळंबलीय तिकडे!"

"तुझ्यावाचून बालंत व्हईल, बाय. पुलावाचून तू नाय पोचायची."

बाळ सुखरूप झालं. मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही.

पुढे, नव्वदनंतर, रस्ता आणि पूल ठेकेदार कंपनीकडे गेले. डांबर गुळगुळीत झालं, कठडे बसले, टोलनाका आला. मलाही बरं वाटलं. खांबांना पिवळा रंग फासला, रेघ त्याखाली गेली. तात्या नाक्यावर विचारायला गेले, "पूल बंद कोन करनार?"

"काका, बंद करायला नाका टाकलाय का?" नाक्यावरचा साहेब म्हणाला.

त्या श्रावणात पाणी पाचव्या दगडाच्या वर चढलं. नाका गाड्या सोडतच होता. मी दवाखान्यात निघालेल्या टेम्पोत होते, तात्या लाल फडकं घेऊन त्याच्यासमोर उभे राहिले.

"ए काका, हटो ना! पूल काय तुमच्या बापाचा?" ड्रायव्हर ओरडला.

"पूल कंपनीचा. पानी कंपनीचं नाय."

नाक्यावरच्या दोघांनी त्यांना उचलून बाजूला बसवलं. मी टेम्पोतून उतरले नाही. पुलाच्या मधोमध टेम्पोचा पायाखालचा पत्रा थरथरू लागला. इंजिनाची थरथर मला ओळखता येते. ही ती नव्हती. पलीकडे पोचल्यावर सगळे हसले. मीसुद्धा.

हे सगळं त्यांच्या अंगणात बसून आठवत होते. सून म्हणाली, "परवा शिडी घेऊन गेलेले, नाक्यावरच्यांनी हाकललं. काल विचारत व्हते, रेघ मारली का कुनी? मी हो म्हनलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेला तांबडा रंग घेऊन गेले. सुनेकडून शिडी मागून घेतली. वरून दगड मोजले. पाचव्यावर रेघ ओढली आणि वाळेपर्यंत तिथेच थांबले. नाक्यावरून कोणीतरी ओरडत होतं. मी रंगाचा दुसरा हात दिला आणि ड्युटीवर गेले.